नवऱ्याच्या रोगाचा दाखला

"तेवढं कागदावर लिहून द्या, डॉक्टरीणबाई. सही-शिक्क्यानं. नागोरावले बाहेरख्यालीचा रोग हाये, बस, एवढंच."

प्रभावती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. आर्णीच्या दवाखान्याबाहेर बाकावर तिचा नवरा नागोराव मान खाली घालून बसला होता. दुपारी पंच बसणार होते. दाखला पाहू, मग सोडचिठ्ठीचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं होतं. दाखला मिळाला की घर प्रभावतीचं, सात वर्षांची पोरगी प्रभावतीची, आणि नागोरावनं पोरीचं तोंडही पाहायचं नाही.

घराचं सोडा हो. दोन खोल्या आणि गळकं छप्पर, त्याचं काय लोणचं घालायचं? पण पोरीवर त्याचा जीव होता. जिथं जीव आहे तिथंच घाव घालायचा, हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

नागोराव सायकलला गठडी बांधून खेडोपाडी लुगडी विकायचा. एकसष्ट सालच्या आषाढात चिखलातून पंचवीस मैल सायकल मारून आला तो जांघ सोलूनच. सीटनं कातडी निघाली होती. बिचाऱ्याला पाय टाकवेना. प्रभावती तेव्हा स्वतःच तापातून उठलेली. ओठांवर फोड आलेले, भाजीतलं तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. तरी तिनं नवऱ्याची सेवा केली, हे सगळी आळी सांगेल.

आणि मग दहा-बारा दिवसांनी त्याच सोललेल्या जागी बारीक, पाणीदार फोडांचा घोस उठला. लघवीला बसला की माणूस कळवळायचा.

पुरुषाला तसल्या जागी फोड कशानं येतात, हे काय कुणी सांगायला पाहिजे?

"प्रभा, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, मी कुठीच शेण नाही खाल्लं," नागोराव म्हणाला.

"खबरदार पोरीले हात लावशीन तर!" तिनं पोरीला हिसडा देऊन ओढून घेतलं. त्या दिवसापासून पोरगी बापाजवळ गेली नाही. तो घरात आला की ती आईच्या मागं लपायची.

मग गठडीतली नवीकोरी लुगडी एकेक करून चुलीत गेली. मग ती सटवी कोण, हे शोधणं आलं. कळंबच्या वाटेवरल्या एका खेड्यात कांताबाई नावाची विधवा नागोरावला दुपारचं ताक द्यायची, एवढं कळलं. झालं! प्रभावती चार बाया घेऊन गेली आणि भर बाजारात कांताबाईला चपलेनं झोडपलं. ती बिचारी ओरडत होती, "माय व, तो मले बहीण म्हणते!" ऐकतंय कोण? चार दिवसांत कांताबाई लेकराला कडेवर घेऊन गाव सोडून गेली. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. ते कळलं त्या दिवशी प्रभावतीनं पुरण घातलं होतं.

दिवाळीनंतर नागोरावला फोड पुन्हा उठले, आणि तिनं त्याला पंचांपुढं उभं केलं. पंचांनी दवाखान्यात पाठवलं. मागच्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून रक्त यवतमाळला धाडलं होतं.

"रक्ताचं उत्तर आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गरमी, म्हणजे उपदंश, नाही. याला हर्पिस म्हणतात."

"म्हंजे बाहेरूनच आणला ना?"

"संबंधातून लागतो, खरं आहे. पण तेवढ्यावरून माणूस बदफैली ठरत नाही. अहो, फार साधा रोग आहे हा. गावात कितीतरी जणांच्या अंगात असेल आणि त्यांना पत्ताही नसेल. वर्षानुवर्षं गप्प बसतो, ताप आला, माणूस थकला की पुन्हा उठतो. फोड आपोआप सुकतात. तेवढे दिवस जवळ जायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही."

"मले शाळा नोका शिकवू, बाई. दाखला द्या."

"तसा दाखला मी देणार नाही. कुणाकडून आला, हे फोड पाहून सांगता येत नाही."

प्रभावती उसळलीच. "काहून नाही सांगता येत? आभायातून पडला का? कोणीतरी देल्लाच असन ना त्याले!"

"दिला असेल कुणीतरी. ते मी नाकारत नाही." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पण संबंध हीच एक वाट नाही. तापानंतर ओठावर फोड येतात ना, तो जंतू हाच. थुंकीत असतो. कातडी सोललेली असली की तिथून आत शिरतो." त्यांनी नागोरावचा कागद पुढं ओढला. "सायकलनं जांघ सोलली होती, असं त्यांनी सांगितलं. त्यावर औषध काय लावलं होतं?"

आता मात्र प्रभावतीला संतापानं रडूच फुटलं. नवऱ्याची एवढी सेवा करून वर ही बाई तिलाच सवाल करत होती.

"औषध? मी असताना औषध कायले लागते? तापानं माहं अंग मोडून राह्यलं होतं, तरी आठ दिवस कोंबडं आरवलं की उठली. चूय नाही भरली, पाणी नाही पेली. माह्या मायनं शिकवल्यावाणी तोंडातली बासी थुंकी माह्याच बोटानं लावली त्याच्या जखमेले. अन् त्या हरामखोरानं माहे हे असे पांग फेडले!"