पारास्किवाच्या घरचं जेवण

"तळलेला मासा? नावाच्या जेवणाला?" शेजारच्या तुदोरानं हातातली कोबीची गड्डी टेबलावर ठेवली. "अगं, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा करायचा असतो, कोंबडीचं सूप करायचं असतं. लोक काय म्हणतील?"

"खायला आलेत ते खातील," पारास्किवा म्हणाली. "कोबी घरी घेऊन जा."

ओल्त नदीकाठच्या त्या गावात मेल्यानंतरचं जेवण माणसानं जिवंतपणीच घालून ठेवण्याची पद्धत जुनी. मुलं परदेशी जातात, कोण करेल आणि कसं करेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे पंचाहत्तर वर्षांच्या पारास्किवानं दारोदार जाऊन "रविवारी नावाचं जेवण आहे, या" असं सांगितलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पदार्थांचं.

नदीतला कार्प मासा, मक्याच्या पिठात घोळवून कडक तळलेला. वर लसणीचा झणझणीत रस. बरोबर मक्याची मऊ उकड. आलुबुखार भरलेले बटाट्याचे गोळे, साखरेत लोळवलेले. आणि अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव.

धाकटी मुलगी व्हिओरिका शहरातून मदतीला आली होती. अक्रोडांचं पोतं बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आई, अक्रोडानं तुझे ओठ सुजतात."

"मी कुठं खाणार आहे?"

"आणि मासा? तुला दात तरी आहेत का काटे काढायला?"

"दुसऱ्यांना आहेत ना."

"मग तुझ्या आवडीचं यात आहे तरी काय?"

"आवडीचंच आहे सगळं," पारास्किवा म्हणाली आणि तिच्याकडे पाठ करून आलुबुखारातल्या बिया काढू लागली.

शनिवारी ती पाद्री गेरासिमकडे गेली. एकतीस वर्षं तिनं देवळाची पायरी चढली नव्हती. का, ते गावात कुणी विचारत नसे. जुन्या लोकांना विचारायची गरज नव्हती आणि नव्यांना पर्वा नव्हती. आजही ती पायरीच्या खालीच उभी राहिली, म्हणून पाद्रीच काठी टेकत बाहेर आला.

"शेवटी आलीस," तो म्हणाला. "वय झालं की देव आठवतो."

"पंचाहत्तर पुरी झाली, फादर. माझ्या माघारी हे जेवण कोण घालणार? उद्या येऊन ताटांवर प्रार्थना म्हणा."

"देवळात येऊन आधी चार शब्द बोलायला हवे होतेस."

"येणार की नाही?"

पाद्री हसला. हट्टी बाई वाकली, असं त्याला वाटलं असावं. "येईन," तो म्हणाला.

रविवारी दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली लांबच लांब टेबलं लागली. शंभरावर माणसं आली. नावाच्या जेवणात कपड्यांचा एक नवा जोड, ताट, चमचा आणि मेणबत्ती कुणाला तरी द्यायची असते; ज्याच्या नावानं दिलं, त्याला ते वर पोचतं म्हणतात. पारास्किवानं तो जोड तुदोराच्या एकोणीस वर्षांच्या नातीला दिला. लाल फुलांचा झगा, कमरेत अगदी बारीक.

"हा तुला घोट्यापर्यंत तरी चढेल का गं?" तुदोरा म्हणाली. "वर गेल्यावर काय, डोक्याला बांधणार आहेस?"

बायका खिदळल्या. पारास्किवाही हसली, पण पोरीच्या खांद्यावरची तिची बोटं बराच वेळ हलली नाहीत.

पाद्रीनं प्रार्थना म्हटली. मग पद्धतीप्रमाणे पहिला घास त्यानंच उचलला आणि मोठ्यानं म्हणाला, "जिच्या नावाचं, तिला पोचो."

"तिला पोचो," सगळं गाव म्हणालं.

मग सगळे जेवणावर तुटून पडले. लसणीचा रस बोटांवरून ओघळत होता. ज्या बायकांनी आधी नाकं मुरडली होती, त्या आता गोळ्यांची कृती विचारत होत्या. पाद्रीनं ताट पुढं करून मासा आणखी मागितला, मग पुन्हा एकदा. पारास्किवा एका ताटाकडून दुसऱ्या ताटाकडे फिरत होती. कुणाचं ताट रिकामं दिसलं की न विचारता भरत होती. स्वतः काही खात नव्हती. व्हिओरिकानं दोनदा खुर्ची पुढं केली, दोनदा तिनं ती बाजूला सारली.

शेवटचा पाव संपला तेव्हा पाद्रीनं रुमालानं दाढी पुसली आणि टेबलाच्या टोकाशी उभ्या असलेल्या पारास्किवाकडे पाहिलं.

"छान झालं, बाई. आता निश्चिंत हो. तुझ्या माघारी या मुलीला काही करावं लागणार नाही."

"माझं तिलाच करावं लागेल," पारास्किवा म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं हातातलं रिकामं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

"हे जेवण माझ्या थोरलीचं होतं. माझ्या इलिंकाचं. तिनं नदीत जीव दिला, तेव्हा तुम्ही तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलंत. तिच्या नावाचा घास जो घेईल त्याला देवळाचं दार बंद, असं सांगितलंत. तेव्हा माझ्या अंगणात एक माणूस आला नाही. आज अख्खं गाव तिच्या आवडीचं जेवलं. आणि फादर, तिच्या नावाचा पहिला घास तुम्ही घेतलात. मासा तर दोनदा मागून घेतलात."