पडद्यावरचं पत्र

बसऱ्याला लढाईत कामी आलेले माझे धनी दहा वर्षांनी सात रस्त्याला, तंबूतल्या सिनेमात, लढाईच्या जुन्या फिल्लममध्ये दिसले. कारकुनाकडून घरी पत्र लिहून घेत होते. त्यांची पत्रं रीतीप्रमाणं थोरल्या दिरांच्या नावानं यायची अन् जावेच्या पेटीत कुलूपबंद व्हायची. माझं नाव त्यांत कधीच नसायचं.

पडद्यावर त्यांनी मान वळवली आणि माझ्या शेजारी बसलेल्या जावेकडं बघून हसले.

“आक्का, कुणाकडं बगत्यात वो?”

“येडे, फिल्लम हाय की ती,” म्हणत तिनं पदर सावरला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. मुद्दाम तिच्याच जागेवर बसले. फिल्लम तीच होती.

धन्यांनी मान वळवली. मला बघून त्यांचं हसू विझलं. त्यांनी कारकुनाच्या हातातलं पत्र ओढून घेतलं अन् फाडून टाकलं.