गोदामाचा वेग

जुन्या युनिक्स मशीनच्या एका फाइलमध्ये कारखान्यातल्या सगळ्या टर्मिनलांचे, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटण्याचे, वेग लिहिलेले होते. सगळ्यांचा नऊ हजार सहाशे, एकट्या गोदामाचा तीनशे! तिथल्या पडद्यावर साधं ‘लॉगिन’सुद्धा गळक्या नळासारखं टपकायचं, एकेक अक्षर. असं कोणी का करून ठेवावं? नव्या इंजिनिअर बाईंना राहवेना. त्यांनी फाइलमध्ये वेग वाढवला, गोदामात जाऊन टर्मिनलच्या मागची बटणंही बदलली आणि म्हणाल्या, “बसा काका, आता बघा कसं पळतंय!”

गोदामवाल्या काकांनी लॉगिन केलं. मालाची अख्खी यादी पडद्यावर धाडकन उभी राहिली. काका खुर्चीसकट मागे सरकले.

“काय झालं, काका?”

“अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मला वाचताच येईनासं झालं होतं. अक्षरांची गर्दी दिसली की घाम फुटायचा. तुमच्या आधीच्या साहेबांनी वेग पार एकशे दहावर आणला. एकेक अक्षर यायचं, मी मोठ्यानं म्हणायचो. जमायला लागलं की साहेब वेग थोडा वाढवायचे.”

बाई ओशाळल्या. “आत्ता परत तीनशे करते.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

“तीनशे कशाला? साहेबांची बदली झाली म्हणून तिथंच अडकलोय. सहाशे टाकून बघा की!”