रविवारचा बोका

“बोका कड्यावर पोचला आणि...” फोनवर वाचता वाचता दिगंबर आजोबा पान उलटायला थांबले.

“आणि घसरतो!” बंगळुरूहून नात म्हणाली.

आजोबा दचकले. बायको गेल्यापासून वेंगुर्ल्याच्या घरात ते एकटेच होते. दर रविवारी रेवाला मांजरांच्या राज्याची कादंबरी वाचून दाखवायची, एवढंच त्यांना आठवडाभर पुरायचं. तिच्या आईलाही लहानपणी त्यांनी हीच वाचून दाखवली होती.

“तुला गं कसं ठाऊक?”

“मी केव्हाच वाचून टाकलंय. आई म्हणाली, सांगू नकोस, नाहीतर आजोबा रविवारी बोलणार कुणाशी?”

आजोबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

“वाचा ना, आजोबा! तुम्ही काढता तसा बोक्याचा आवाज पुस्तकात कुठे असतो?”

त्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. पण बोक्याचा आवाज आज काही केल्या निघेना.