पाईपाचं तोंड

पाऊस लागला की सोसायटीच्या तळातल्या पार्किंगमध्ये पाणी भरायचं. चेअरमन देवरे पंप लावायचा आणि पाईप भिंतीपलीकडं टाकून सगळं पाणी तिथं राहणाऱ्या फुलवाल्या नवसाबाईच्या दारात सोडायचा. काल तिचा रामकुंडावर विकायला न्यायचा दोन पाट्या झेंडू त्या घाण पाण्यात गेला. ती भांडायला गेली, तर हा गेटवर उभा राहून हसला.

"मावशी, पाणी उतारालाच जाणार ना! त्याला मी काय करू?"

नवसाबाई त्याच सोसायटीचे जिने पुसते. सोसायटीच्या भिंतीलगत कुंड्यांमागं गटाराची जाळी आहे, तिच्यातलं पाणी थेट पार्किंगच्या खड्ड्यात पडतं, हे तिला बरोबर ठाऊक. आज पंप सुरू झाला तशी ती उठली आणि पाईपाचं तोंड उचलून गपचूप त्या जाळीत खुपसून आली.

दुपारपर्यंत भर पावसात पंप बोंबलत राहिला, तरी पार्किंगमधली देवरेची नवीकोरी गाडी सीटपर्यंत बुडाली. तो भिंतीवरून ओरडला, "मावशी, सकाळपासून पंप चालूय! मग पाणी जातंय तरी कुठं?"

 

पत्र्याखालच्या कोरड्या ओट्यावर हार ओवता ओवता नवसाबाई म्हणाली, "उतारालाच, साहेब."