काडेपेटीएवढा पाळणा

कॅनडातल्या किचनरच्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये स्कॉटिश मंडळींनी संत अँड्र्यूच्या दिवसाचं प्रदर्शन मांडलं होतं. स्कॉटलंडच्या जुन्या कारागिरीच्या वस्तू, पण सगळ्या बाहुलीच्या मापाच्या: बोटभर चरखा, तळहातावर मावणारा हातमाग, मासळीच्या इवल्या टोपल्या. टेबलामागे त्या घडवणारे मॅक्रे आजोबा बसले होते. सातव्या महिन्यातली गरोदर अबोली काडेपेटीएवढ्या लाकडी पाळण्यापाशी थांबली आणि तिने सहज एका बोटाने तो हलवला. त्याच क्षणी दोन हातांनी तो थांबवला. एक हात तिच्या आईचा, प्रमोदिनीबाईंचा, दुसरा आजोबांचा. "आई, इट्स जस्ट अ टॉय." "असला तरी. रिकामा पाळणा हलवू नये." मराठी न समजताही आजोबांनी मान डोलावली. "माझी आईसुद्धा हलवू द्यायची नाही," ते इंग्रजीत म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी पर्समधून एक वेलदोडा काढला, बारशाला वरवंटा गुंडाळतात तसा टिश्यूच्या तुकड्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. मग खाली वाकून, बाळाच्या कानाशी बोलावं तसं त्या हळूच म्हणाल्या, "शलाका." अबोलीने विचारलं, "ही शलाका कोण?" "तुझ्याआधी एक मुलगी होती. बारशाआधीच गेली. नाव ठरलेलं होतं, सांगायचं राहून गेलं." आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. प्रमोदिनीबाईंनी पाळण्यावरचा आपला हात उचलला आणि लेकीला म्हणाल्या, "आता हलव."