उंबरा, परात, अबोली

वृद्धांच्या कॅन्सर ओपीडीत डॉ. अलकनंदा दिवसभर हिंदीच बोलायची. एखादा मराठी पेशंट आला, की स्मरणशक्ती तपासायला मात्र आईच्या तोंडचे शब्द काढायची. दिल्लीत ते आणखी कुणाला माहीत असणार?

"काका, तीन शब्द लक्षात ठेवा. मोगरा, पायरी, अडकित्ता. रक्त तपासायला देऊन या, मग विचारते. त्यावर केमोचं ठरवू."

मयूर विहारचे विश्वनाथकाका परत येऊन खुर्चीत टेकले. "मोगरा, पायरी, अडकित्ता."

"बिल्कुल बरोबर."

"आणि उंबरा, परात, अबोली."

अलकनंदाचं पेन थांबलं. हे शब्द तिने गेल्या हिवाळ्यात अरुणामावशी नावाच्या पेशंटला दिले होते. त्यांना एकही आठवला नाही, म्हणून झेपणार नाही असं ठरवून तिने केमो दिली नव्हती. होळीच्या आधीच मावशी गेल्या.

"काका, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"बाहेर बाकावर बसल्यात ना, त्या बाईंनी. म्हणाल्या, डॉक्टरांना सांगा, मला सगळे आठवले. आता माझी केमो सुरू करा."